बरी आहेस ना?

ब्राह्मणपारा, रायपूर
१० नोव्हेंबर २०११

ती. सौ. ताईस अच्युतचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला, एवढंसुद्धा कळवलं नाही, माफ कर. चकल्या तुझ्या लेकानेच संपवल्या. आज फोन न करता लिहितो आहे, कारण फोन बैठकीत असतो आणि पराग तिथेच बसलेला असतो. सांगायचं ते त्याच्याबद्दल आहे.

गुढियारीकडच्या मैदानावर तो मुलींना रग्बी शिकवतो. क्लबने मला मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी दिली तेव्हा तू हसली होतीस. काम साधं आहे. मुलांशी कोणी वाईट वागू नये आणि डोक्याला मार लागलेलं मूल डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात उतरू नये, हे पाहायचं.

मंगळवारी गंधालीला लागलं. तेरा वर्षांची आहे, मालधक्क्यावर काम करणाऱ्या शंकररावांची मुलगी, आणि आमच्या संघात तिच्याइतकं कोणी पळत नाही. समोरच्या मुलीला कमरेला धरून पाडायला गेली आणि तिचा गुडघा हिच्या कपाळावर बसला. क्षणभर नुसती पडून राहिली. मग उठली आणि जाऊन उभी राहिली ती दुसऱ्या संघाच्या रांगेत. सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू गेलं होतं.

मी शंकररावांना डॉक्टरकडे न्या म्हटलं. ते म्हणाले, भैया, खेळात लागतंच, आणि तिच्या आईने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली आहे. दुसऱ्या दिवशी पोरगी सरावाला हजर. पराग म्हणतो, मामा, काहून इतके घाबरून राहिले तुम्ही, पोट्टी ठणठणीत आहे.

वीस तारखेला निवड सामना आहे. राज्य नवं, त्याचे संघ अजून बनताहेत. गंधाली निवडली गेली तर तिला क्रीडा वसतिगृह मिळेल, आणि परागला राज्याच्या संघाबरोबर काम. सोनियाच्या घरचे लग्नाची बोलणी पुढे न्यायला त्याचीच वाट पाहताहेत, हे तुला माहीत आहे. तिला बाहेर बसवायचा अधिकार मला आहे. तो मी वापरत नाही, आणि कारण मुलीची तब्येत नाही, पराग माझ्या ताटाशेजारी जेवतो हे आहे. तुला काय वाटतं, ते स्पष्ट लिही.

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेला,
अच्युत


नागपूर
१४ नोव्हेंबर २०११

चि. अच्युतास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. लहानपणी मैदानावर सगळ्यांचे स्वेटर सांभाळत बसायचास, खेळायला कधी उतरला नाहीस. आता दुसऱ्याच्या पोरी खेळून राहिल्या तर तुझ्या पोटात गोळा. पराग झाडावरून पडला, सायकलवरून पडला, त्याला काय झालं? तू डॉक्टर कधीपासून झालास?

स्पष्ट लिही म्हणतोस म्हणून लिहिते. त्या पोरीलाच विचार. तेरा वर्षांची आहे, तिला तोंड आहे. ती बरी आहे म्हणाली तर मध्ये पाय घालू नकोस. आणि काहीही झालं तरी चार लोकांसमोर माझ्या पोराला खाली पाहायला लावू नकोस. किती वर्षांनी त्याचं काही मार्गी लागून राहिलं आहे.

गुडघ्याला तेल लावते आहे, फरक नाही. चि. सौ. मीनलला आशीर्वाद. तुझं वजन वाढलं असं पराग सांगतो, तेवढं तरी ऐक त्याचं.

तुझं भलं चिंतणारी आणि तरीही रागावलेली,
ताई


रायपूर
२० नोव्हेंबर २०११, संध्याकाळ

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तू सांगितलंस तसंच केलं. शुक्रवारी सराव संपल्यावर गंधालीला थांबवलं आणि विचारलं, बरी आहेस ना? ती हसून म्हणाली, हव सर, एकदम ठीक. माझ्या मागे पराग उभा होता. मी निर्धास्त होऊन घरी आलो, चक्क दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आज सामन्याआधी नेहमीप्रमाणे मुली रांगेने परागच्या पाया पडल्या. आमच्याकडची ही पद्धत, मला आवडतेही. गंधाली वाकली आणि तिला वर येता येईना. तिने एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्याने परागचा घोटा धरला. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी किती भावाने पाया पडते आहे. पराग तिच्या डोक्यावर हात ठेवून खाली पाहत होता. मग त्याने तिला खांद्याला धरून उभं केलं आणि पुढच्या मुलीसाठी पाय सरळ केले.

ताई, मी मैदानात गेलो. पंचांना सांगितलं की ही मुलगी खेळणार नाही. निवड करणारे खुर्च्यांवर बसून पाहत होते. पराग धावत आला, म्हणाला, मामा, बाहेर व्हा, घरी काय बोलायचं ते बोला. मी नाही म्हटलं. तो ओरडला, मग मीही ओरडलो. चार लोकांसमोर नको म्हणाली होतीस, तिथे दोनशे तरी होते. शंकरराव आले आणि हात जोडून म्हणाले, साहेब, माझ्या पोट्टीला एकच मौका आहे, तुमच्या घरचं भांडण तिच्या डोक्यावर काहून काढता? गंधाली रडत होती, पण उन्हाकडे पाठ करून, डोळे मिटून.

तिला डॉक्टरकडे नेताना रिक्षात ती दोनदा ओकली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मोठ्या दवाखान्यात पाठवून मेंदूचा फोटो काढायला लावला. रक्तस्राव नाही. पण मेंदूला धक्का बसलेला आहे आणि तो बरा न होताच ती रोज पळत होती. यावर आज दुसरा मार बसला असता तर, एवढंच बोलून बाई थांबल्या. शंकरराव भिंतीला टेकून खाली बसले.

गंधालीला तिच्या आईने विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सरांनी बरी आहेस ना विचारलं, मग काय सांगणार? तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. आपल्या घरांत मोठ्याने असं विचारल्यावर कोणती मुलगी नाही म्हणेल? प्रश्नातच उत्तर घालून मी तिच्या हातात दिलं होतं.

आपण सामना हरलो. पराग घरी आला, जेवला नाही, खोलीत आहे.

तुझ्या पत्राची भीती आणि वाट दोन्ही असलेला,
अच्युत


नागपूर
२३ नोव्हेंबर २०११

चि. अच्युतास आशीर्वाद.

पोरीला बरं वाटो. तिच्या नावाने गणपतीला नवस बोलले आहे. परागने फोन केला होता. नुसता रडला. हे त्या क्लबच्या समितीपुढे गेलं तर त्याला पुन्हा कोणी मुलांजवळ उभं करणार नाही, असं सोनिया म्हणाली. अच्युत, मुलगी वाचली. आता घरातलं घरात ठेव. मी तुला कधी काही मागितलं नाही, हे मागून राहिले.

ताई


रायपूर
२७ नोव्हेंबर २०११

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बुधवारचं, मला कालच्या टपालात मिळालं. गंधाली अंधाऱ्या खोलीत पडून असते. आवाज सहन होत नाही, पण काल तिने वरण-भात मागितला. शंकररावांनी मला चहा दिला, मोठं मन आहे त्यांचं.

आज सकाळी पराग मागच्या नळावर बूट घासत होता. मान वर न करता म्हणाला, मामा, मला माहीत होतं. सरावात ती मैत्रिणींची नावं विसरत होती. मी तिला म्हटलं, वीस तारखेपर्यंत सांभाळ, मग हवं तेवढं झोप. एवढं बोलून तो पुन्हा बूट घासायला लागला. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

मी विचारलं, हे समितीत सांगशील? त्याने बूट उलटा करून पाणी झटकलं. मग त्याने विचारलं, तुम्ही सांगाल? मी हो म्हटलं. त्याने नळ बंद केला. येईल की नाही, माहीत नाही.

तू पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी देत नाही. आणखी एकवीस मुली आहेत, ताई, आणि त्यांच्यातली एकही आपण होऊन नाही म्हणणार नाही. परागला वाईट ठरवायला हे करत नाही. त्याचं ताट माझ्या शेजारीच राहील, तो बसला तर. मीनलनेही तेच सांगितलं आहे. लिहून पाठवलं की माणूस स्वतःला सोडून बाकी सगळं लिहितो, म्हणून समोर उभं राहून बोलणार आहे.

इतकं करूनही तुझ्याजवळ माझ्यासाठी थोडा लोभ उरला असेल, तर तो ठेव.

तुझा,
अच्युत

ता. क. उद्या समितीच्या बैठकीत उभं राहून आधी माझी चूक सांगायची, मग परागची.