चिकट रसातला शंख

२१ ऑक्टोबर १९८०

सकाळी सकाळी पुन्हा तो वास! आमच्या विभागातल्या इसोगाईने टाकीचं झाकण उघडलं की अख्ख्या खोलीत मुळ्याचं लोणचं नासल्यासारखी घाण. वर्तमानपत्राचे ठसे करायला वापरतात तो रस – विशिष्ट उजेड पडला की घट्ट होतो. हा त्यावर दिवा धरून बसतो. एक पापुद्रा धरला की तो जरा खाली बुडवायचा, वर पुन्हा रस, पुन्हा दिवा. असे थरावर थर चढवून हवी ती वस्तू उभी करता येईल म्हणे. साचा नको, पटाशी नको, काही नको! वीस वर्षं मी पोलाद कापतोय. वस्तू तासून होते. साय धरून होत नाही.

“कुरेमात्सुसान, एकदा बघायला या ना.” – रोजचं पालुपद. हा नगरपालिकेच्या संशोधन केंद्राचा पगार खाऊन साय धरणार आणि मी बघायला जाऊ!

२९ ऑक्टोबर

बायको जेवताना म्हणाली, “किती त्या इसोगाईचं नाव घेता! माझं एवढं घेतलं असतंत तर!”

६ नोव्हेंबर

इसोगाईचा रसातला शंख तयार झाला. पिवळट, मुठीत मावेल एवढा, एका अंगाला चीर गेलेली. आमचे विभागप्रमुख त्सुझुकीसाहेब तो उलटसुलट करून म्हणाले, “हं... मजेशीर आहे.” मजेशीर! साहेबांनी आजवर जे जे मजेशीर म्हटलं ते अडगळीत गेलं. खोलीतल्या सगळ्यांना कळलं, याला सोडून. बावळटाने वाकून आभार मानले!

वर मला विचारतो, “आतला पीळ बघा. तुमच्या यंत्राला हे कापता येईल?”

नाही येणार. पण शंख हवाय कोणाला? किनाऱ्यावर फुकट मिळतात.

१९ नोव्हेंबर

हॉलंडचा एक कारखानदार, व्हर्मलेन, माझं कापयंत्र बघायला आला होता. मी जीव तोडून दाखवलं. दुभाषी बाईंचा घसा बसला, पाहुणा जांभया गिळत राहिला. निघताना त्याने पिशवीतून चीजचा भलामोठा गोळा काढून साहेबांच्या हातात ठेवला. साहेबांचं तोंड उतरलं – परतभेट तयार नाही! आणि मिठाईचं दुकान बुधवारी बंद.

“कुरेमात्सु, काहीतरी बघ रे! रिकाम्या हाताने गेला तर आपली शोभा.”

इसोगाई ओसाकाला गेलेला. फळीवर तो चीर गेलेला शंख. चांगल्या कागदात गुंडाळला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणालो, “अगदीच क्षुल्लक वस्तू आहे.” भेट देताना सगळेच म्हणतात. मी आज पहिल्यांदा मनापासून म्हणालो!

पठ्ठ्याने तिथेच कागद फाडला. शंख खिडकीपाशी उजेडात धरला, आत डोकावला, कसा केला विचारलं. मी सांगून टाकलं – रस, दिवा, थर. त्यात लपवण्यासारखं काय आहे? जांभया मात्र थांबल्या. शंख त्याने पिशवीत नाही, कोटाच्या खिशात ठेवला.

२१ नोव्हेंबर

इसोगाई आल्या आल्या फळी धुंडाळायला लागला. “पाहुण्याला दिला,” मी म्हणालो. “मीच दिला. साहेबांची लाज राखायची होती.” तर म्हणतो, “त्यांना आवडला का?”

आवडला का! दुसरा कोणी असता तर माझी गचांडी धरली असती. असल्या माणसाचा धड रागही येत नाही.

१२ फेब्रुवारी १९८१

पुढच्या वर्षी कोणतं काम ठेवायचं, कोणतं बंद, याची बैठक. इसोगाईने नवा शंख आणला – चीर नाही, काचेसारखा. वरून पाणी ओतलं. ते आत गोल गोल फिरत खालच्या तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर आलं. साहेब म्हणाले, “कुरेमात्सु, तुझं काय मत?” इसोगाईही माझ्याकडेच बघत होता, आशेने!

“खेळणं आहे,” मी म्हणालो. काम बंद झालं.

पहिला थेंब पडला तेव्हा माझा श्वास अडकला होता. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय!

१ एप्रिल

बदल्या. इसोगाई मैलापाणी तपासणी केंद्रावर. टाकी धुऊन पालथी घातली, वास गेला एकदाचा. निरोपाचे गोड बिस्किटांचे पुडे घेऊन तो टेबलाटेबलाशी फिरला. मला म्हणाला, “बाकीचे गोड बोलत राहिले. तुम्ही तेवढे तोंडावर खरं बोललात. उपकार झाले.”

मूर्ख! बिस्कीट खणात टाकलं.

९ जून

व्हर्मलेन पुन्हा आला, दोन इंजिनियर घेऊन. तो शंख त्याच्या टेबलावर असतो. तसा करायला तिकडे माणसं महिनोन्‌महिने झटताहेत, जमत नाही. करणाऱ्यालाच न्यायला आलाय – स्वतंत्र प्रयोगशाळा देणार. “क्षुल्लक म्हणालात! तुमच्यात स्वतःच्या हातचं देताना असंच म्हणतात, हे मला नंतर कळलं,” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

इसोगाईची बदली साहेबांच्याच सहीची. त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला – “हेच ते, आमचे कुरेमात्सु.”

मी कमरेत वाकलो आणि आभार मानले.