कागदाच्या घराचं मागचं दार

आई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, खोकलाही जवळजवळ गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या दुकानात सणाच्या सजावटीसाठी कागदाची घरं करतात आणि आत दिवा ठेवतात. काल मी आपलं घर केलं. मालकीणबाईंनी दिवा लावला आणि मी बघतच राहिले. वीतभर कागदात आपलं अख्खं घर जागं झालं गं! माळ्याची खिडकीसुद्धा!

"मागचं दार चिकटव, उजेड सांडतोय," त्या म्हणाल्या. पण आपलं ते दार दिवसाउजेडी लागलेलं मी कधी पाहिलंच नाही ना!

तू एकटी असतेस, आता कडी लावत जा. इथलं दार मात्र माझ्याच्यानं चिकटवलं गेलं नाही. त्यातून येणारा उजेड थेट माझ्या तळहातावर पडला होता.

तुझी धाकटी