आत्याबाईंचा बसरा

बुध. ७ सप्टेंबर १९४९

…शेण काढून झालं होतं. म्हैस पिळली होती. चुलीवर तवा तापत होता आणि मी परसात राखेनं कळशी घासत बसले होते. तार आली त्या सकाळचं मला एवढंच नीट आठवतं. तारेचा कागद कसा होता ते आठवत नाही. कळशीला एक पोचा होता, त्यात राख अडकायची, ती बोटानं काढावी लागायची, ते आठवतं. पाच वर्षं झाली.

तारेत होतं, हे लढाईत बेपत्ता. पुढे पलटणीचा कागद आला, इटलीत लढाईत कामी आले. आत्याबाईंनी तार मानली, कागद मानला नाही. सासू आहेत माझ्या, पण त्याआधी ह्यांची आई आहेत.

उद्यापासून पितृपंधरवडा. धाकटे दीर बापू जेवताना म्हणाले, "आई, औंदा दादाचा म्हाळ घालू. हत्यारानं गेलेल्यांची चौदस आसती, त्या दिवशी."

आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "त्यो बसऱ्याला हाय. जित्या माणसाचा म्हाळ घालतोस व्हय रं?"

बापू उठून गेले. मी ताटं उचलली.

गुरु. ८

बसऱ्याचं लिहून ठेवते. आत्याबाईंचा भाऊ आधीच्या, चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला गेला होता. मेल्याची बातमी आली. दिवस घातले, तेरावं झालं, गाव जेवलं. आणि पुढे एका दुपारी तो पाठीवर वळकटी घेऊन वेशीतनं चालत आला. तेराव्याला सगळ्यांत जास्त लाडू खाल्लेला चुलता म्हणे त्याला बघून कणगीमागे लपला. आत्याबाई हे सांगताना अजून हसतात. तेव्हापासून त्यांच्या लेखी समुद्रापलीकडची प्रत्येक लढाई बसऱ्याला असते, आणि बसऱ्याहून माणूस परत येतो.

म्हणून माझं कुंकू आहे, गळ्यात मणी आहेत. घरात सवाष्ण, सरकारच्या कागदात विधवा. नटण्याची हौस नाही, त्याचं काही नाही. पण रडायचं कुठं? घरात डोळ्याला पदर लावला की आत्याबाई म्हणतात, अपशकुन करू नगंस.

शनि. १०

सांगलीहून अण्णानं पुस्तक पाठवलं. माझा भाऊ, विश्रामबागेत कॉलेजात कारकून आहे, जुनी पुस्तकं निघाली की मला पाठवतो. हे देशांच्या नावांचं आणि निशाणांचं. रंगीत चित्रं आहेत. कोणत्या देशाला ते नाव का पडलं, निशाण असं का, सगळं थोडक्यात.

अक्षरं मी ह्यांच्या पत्रांवरून शिकले. आधी बापूंकडून वाचून घ्यायची. मग काही ओळींना बापू थांबायला लागले, मलाही लाज वाटायला लागली. मग स्वतःच लावत बसले. आता छापलेलं काहीही वाचते.

संध्याकाळी आत्याबाई घेवडा सोलायला बसल्या. "वाच की मोठ्यानं, मनातल्या मनात काय खातीस?"

जपान, उगवत्या सूर्याचा देश. पांढऱ्यावर तांबडा गोळा दाखवला. म्हणाल्या, "ह्ये तर कुंकूच की." सयामच्या निशाणावर आधी पांढरा हत्ती होता, आता नुसते पट्टे. "हत्ती सोडून पट्टं घेतलं? येडीच हायत." अर्जेंटिना म्हणजे चांदीचा देश. "आन् सोनं कुणी पळवलं?"

आपलं निशाण पुस्तकात नाही, पुस्तक जुनं. शाळेवर लागतं ते त्यांनी पाहिलंय. "त्यावर नुसतं चाक हाय. बैल कुठं हायत? गाडी कशी चालायची?"

खूप दिवसांनी दोघी हसलो.

सोम. १२

इटलीचं पान आज सापडलं. दुपारी एकटीच होते.

नावाबद्दल विद्वानांचं एकमत नाही, असं आहे. पण एक मत असं की तिथल्या जुन्या भाषेत वासराला जो शब्द होता त्यावरून ते नाव आलं. वासरांचा मुलूख. मी तीनदा वाचलं. पाच वर्षं इटली म्हटलं की मला नुसता धूर दिसायचा. तिथं गोठे असतील, कुणी बाई सकाळी शेण काढत असेल, हे कधी मनातच आलं नाही. हे तर शेतकऱ्याच्या पोटचे. पत्रात एकदा लिहिलं होतं, इकडचे बैल पांढरे आणि थोराड, पण आपल्यासारखं वशिंड नाही. ते वाक्य तेव्हा मी सोडून पुढे गेले होते, पुढच्या ओळी वाचायच्या म्हणून.

संध्याकाळी वाचताना ते पान न वाचताच उलटलं. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण डोळे पानांवर होते.

"का गं, मधलं पान का सोडलंस?"

"चिकटलं होतं."

त्यांनी पुढची शेंग उचलली.

गुरु. १५

काल झालं. लिहायला आज धीर आला.

वाचायला बसले तर आत्याबाईच म्हणाल्या, "बसरा कुठल्या पानावर हाय?"

सांगितलं, बसरा देश नाही, गाव आहे, इराकात. पान काढलं. त्या मुलखाचं जुनं नाव मेसोपोटेमिया, म्हणजे दोन नद्यांच्या मधली जमीन.

"कराडच्या संगमावानी," त्या म्हणाल्या. पानावर हात ठेवला. तळहातानं सगळा देश झाकला. "भाऊ हितं व्हता. आन् ह्यो?"

मी पुस्तकाचा कोपरा सरळ करत राहिले.

"तुला इचारती मी. ह्यो कुठं हाय?"

खोटं बोलता आलं असतं. पाच वर्षं गप्प राहून बोललेच होते. म्हटलं, "आत्याबाई, ते बसऱ्याला कधी नव्हते. ते इथं होते." आणि सोडलेलं पान काढलं. हिरवा, पांढरा, तांबडा, तीन उभे पट्टे. मधे मुकुटाची ढाल, तिथं अण्णानं पेन्सिलीनं लिहिलंय, राजा गेला, हेही गेलं.

किती तरी वेळ त्या चित्राकडे बघत होत्या. "ह्ये लोक दुश्मन ना?"

"आधी होते. मग आपल्या बाजूला आले."

"मंग माझ्या पोराला कुणी मारलं?"

मारलं, म्हणाल्या. पहिल्यांदा. मला वाटलं आता ओरडतील, पुस्तक भिरकावतील. मी घाईनं सांगितलं, त्या देशाच्या नावाचा अर्थ वासरांशी आहे, असं एक मत आहे. का सांगितलं कोण जाणे. दुसरं द्यायला जवळ काही नव्हतं.

"वासरांचा मुलूख?" पुस्तक मिटून म्हणाल्या, "मंग दूध तरी मिळालं आसंल."

उठल्या आणि भिंत धरत आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळी चहा घेतला. माझ्याशी बोलत नाहीत. बापूंना सांगितलं तर म्हणाले, "वैनी, जरा दमानं सांगायचं हुतं." पाच वर्षांहून जास्त दम कुठून आणू? पण त्यांचंही बरोबर. एका म्हातारीचा परत येणारा देश मी काढून घेतला.

रवि. १८

अजून अबोला. म्हाळाला ना होय म्हणतात, ना नको. चौदस बुधवारी. बापू म्हणतात, आई नको म्हणाली तर दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला वाडवडिलांच्या पानांत दादाचंही धरू, नाव न घेता. मला ते नको. नाव न घेता पाच वर्षं गेलीच.

मंगळ. २०

बापू पाटणला बाजाराला गेले होते. वर्तमानपत्र आणलं. दिल्लीत कायदा करणाऱ्यांनी देशाचं नाव ठरवलं. इंडिया म्हणजेच भारत. दोन्ही ठेवली. मी मोठ्यानं वाचलं, कुणासाठी म्हणून नाही.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोन नावं कशाला?"

सहा दिवसांनी बोलल्या. मी सांगत सुटले. इंडिया हे सिंधू नदीवरून, बाहेरच्यांनी ठेवलेलं. भारत हे आपलं, पुराणातलं.

"म्हंजे भारत म्हायेरचं आन् त्ये दुसरं सासरचं. बाईमाणसावानीच की." मग, "ती नदी कुठशीक हाय?"

आता बरीचशी पाकिस्तानात, म्हटलं.

"घ्या! नाव ठिवलं आन् नदी गेली."

बापू हसले. त्या नाही हसल्या. लाकूड आत सारून बापूंना म्हणाल्या, "उद्याला भटजीला सांगून यी. आन् कारलं आण. त्याला कारल्याची भाजी लय आवडायची."

आवडायची, म्हणाल्या.

बुध. २१, चौदस

झालं.

बापू दर्भ घेऊन बसले. भटजींनी संकल्प सुरू केला. भरतवर्षे, भरतखंडे. कालच्या वर्तमानपत्रातलं नाव. लग्नाला, बारशाला, तेराव्याला हे असंच म्हणत आलेत, आम्ही कधी कान देऊन ऐकलं नाही.

आत्याबाईंनी मधेच थांबवलं. "आवं भटजी, तिकडच्या मुलखाचं नाव घ्या की."

भटजी म्हणाले, "आजी, संकल्पात आपण बसलोय ती जागा सांगायची असते."

"तुमी बसलाय हितं. जेवाया यायचाय त्यो तिथनं. त्याला कसं कळंल?"

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं. मला वाटलं शास्त्र सांगतील. त्यांनी विचारलं, "कोणता मुलूख?"

मी सांगायच्या आत आत्याबाईच बोलल्या. "इटली. वासरांचा हाय त्यो."

 भटजी त्याच सुरात म्हणाले, "इटलीदेशे." हसले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मग ह्यांचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, गोत्र घेतलं. बापूंनी पाणी सोडलं.

पानं उठल्यावर आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. "पोचलं आसंल का गं?"

म्हटलं, सांगता येत नाही.

"आन् समज, आलाच त्यो. भाऊ आलाच व्हता."

 मी त्यांच्या शेजारी बसले. कुंकवाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही विचारलं नाही.

गुरु. २२

सकाळी धार काढली, भाकरी केल्या. मग कुणाला न सांगता विळा घेऊन मळ्याच्या बांधावर गेले आणि मोठ्यानं रडले. उन्हं वर आल्यावर वैरण कापली आणि भारा घेऊन घरी आले.