दारात आलेला वाटा

शुक्रवार, कार्तिक, १९६३. संध्याकाळ.

पायातली पोलादी पट्टी काढली त्याला आज नववा दिवस. सहा भोकांची ती पट्टी खिडकीत पडून आहे. सकाळी बायकोने उचलून विचारलं, "हिची खवणी करूया काय हो?" हसलो. पण तेवढीच भोकं माझ्या हाडातही आहेत, ती भरेपर्यंत पाय टेकायचा नाही.

मघाशी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढल्याचा आरडाओरडा ऐकू आला. दोरीवर शेवटची जागा माझी. थोड्या वेळाने आमचा म्होरक्या सखाराम बांगड्यांची टोपली घेऊन दारात हजर.

"दादानू, तुमचो वाटो."

"घराक कित्याक आणलंस रे?"

"तुमी थंय कधी येतलास, दादानू?"

प्रेमानेच बोलला. पण आमच्यात आजाऱ्याचा वाटा वाळूवर त्याच्या जागी ठेवतात, घरचं माणूस जाऊन आणतं. दारात पोचवतात तो विधवेला. सखाराम हे विसरला? की मला दोरीवरून वजा केलं?

पट्टी अजून खिडकीतच.

सोमवारी वाळूवर जाणारच, असं बायकोला ठणकावून सांगितलं. सांगताना तिच्याच खांद्यावर भार टाकून मोरीपर्यंत चाललो होतो.