परीक्षेआधीची गोळी

आई,

आज दुपारी कॉम्प्युटरवर एक रेघ खाली पडली आणि मी अशी काही ओरडले, की शेजारच्या खोलीतली सिस्टर हातातलं काम टाकून धावत आली. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ही बातमी तुझीच आहे गं, तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी मी काय करते ते ऐक. मी छातीची डॉक्टर झाले, आणि दोन वर्षं एकाच प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागलेय. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या इतक्या चिडक्या का असतात? धूर, गार वारा, फोडणीचा खाट सगळ्यांनाच लागतो. साधा माणूस दोनदा खोकतो आणि विसरतो. दमेकऱ्याच्या नळ्या मात्र तेवढ्याशाने आवळून बसतात. आतून सूज असते म्हणून, की भोवतीचा स्नायूच जाड झालेला असतो म्हणून, की सूज उतरली तरी खोड उरतेच? मोठमोठी माणसं यावर भांडताहेत, आणि त्या भांडणात उडी घ्यायची मला कोण हौस! चिडकेपणा मोजायची एक तपासणी असते. नळ्या आवळणारं एक औषध अगदी पातळ करून हुंगायला द्यायचं आणि यंत्रात जोराने फुंकायला लावायचं. फुंकर तेवढीच राहिली तर औषध जरा कडक करायचं, पुन्हा फुंकायला लावायचं. चांगल्या नळ्या पुष्कळ पचवतात. चिडक्या नळ्या थोडक्यात आवळतात, फुंकर पाचव्या हिश्शाने कमी होते, पडद्यावरची रेघ पडते. मग लगेच पंप देऊन नळ्या मोकळ्या करायच्या. आणि गंमत सांगू? तपासणीआधी स्टेथोस्कोप लावला तर छाती लख्ख साफ असू शकते. साफ छातीतही दमा दबा धरून बसलेला असतो, आई!

तुझीही छाती साफच निघाली होती. मी तेव्हा अकरावी सायन्सला. तू दिवसभर मळ्यात झेंडू खुडतेस, पाट्या उचलतेस, आणि संध्याकाळी मिरचीची फोडणी पडली की पदर तोंडाला लावून ओट्याला धरून उभी राहतेस. पोट धरून हसलीस तरी तेच. आत्या म्हणायची, "कामाला दम लागत नाय हिला, पाव्हणे आले का बरा लागतो!" शेवटी मीच तुला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाठीला, छातीला नळी लावली, तुझ्याकडे न बघताच म्हणाले, "छाती साफ आहे. थोडं नाटक आहे, घरच्यांनी लक्ष देऊ नका." बस गावाच्या फाट्याला लागली, तशी तू पदर खोचून उठलीस. मग एवढंच म्हणालीस, "नाटकी म्हनला मला. आता मेले तरी दवाखान्याची पायरी चढायची नाय." आणि खरंच चढली नाहीस. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना थंडीतल्या एका पहाटे झटका आला आणि तू गेलीस. तू नाटकी नव्हतीस हे मला मोजून दाखवायचंय. प्रबंधात असलं कारण लिहीत नाहीत, पण खरं कारण हेच.

मी माणसं निवडली ती दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतली. तिकडे आता वायनरीच्या पाट्या लागल्यात, तुला ओळखू येणार नाही रस्ता. बागेत गंधक धुरळतात, औषधं फवारतात, आणि तिथल्या बायका मला सांगतात, ताई, छाती अशी आवळती की बास. मी म्हटलं, झालं आपलं काम! एकेकीला बोलावलं, फुंकायला लावलं, आणि रेघ सरळ. दुसरी, सरळ. तिसरी, तीही सरळ. कितीही कडक औषध द्या, ढिम्म! आमचे सर म्हणाले, "बाई, तुमच्या बागा फारच आरोग्यदायी दिसतात, विषय बदलताय का?" मला रडूच आलं. म्हणजे याही नाटकी आणि तूही?

गेल्या आठवड्यात एक मावशी आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून. रेघ सरळच. जाताना दारात थांबून विचारतात, "पास झाले ना वो ताई? येताना दोन गोळ्या खाऊन आले व्हते. म्हणलं, काय बी झालं तरी पास व्हायचं."

"अहो मावशी! दम्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं ना!"

"बजावलं व्हतं की. पन फेल झाल्यावर मुकादम छाटणीला नेईल व्हय? आमी समद्यांनी मिळूनच ठरवलं."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग हसतच सुटले. अगं, नळ्या आवळूच नयेत म्हणून घ्यायची ती गोळी, आणि ती खाऊन या बाया माझ्यापुढे बसत होत्या! कागद कुलपात राहतील, मुकादमाला चिटोरंही दिसणार नाही, असा शब्द दिला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. आज मावशी गोळीशिवाय आल्या. दुसऱ्याच डोसला रेघ धाडकन खाली! मी नाचायच्या बेतात, आणि त्या बिचाऱ्या धापा टाकत विचारतात, "फेल झाले का?" मी त्यांच्या तोंडात पंप धरला, पाठ चोळली. "फेल नाही मावशी, खऱ्या निघालात." थोड्या वेळाने धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "मग सासू म्हनती तसं सोंग नाय ना माझं?" मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी पदरात तोंड घालून हसून घेतलं, आणि बाकीच्यांना घेऊन येते म्हणाल्या.

तूही त्या दिवशी गोळी घेऊनच निघाली होतीस ना? मेडिकलवाल्याने दिलेली, पांढरी. "बसमधी लोकांपुढं धापा टाकत बसायची लाज वाटती," म्हणालीस, आणि माझ्यासमोर गिळलीस. मी बघितलं, पण डॉक्टरांना सांगायचं सुचलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी दुसऱ्या दिवशी, गोळीशिवाय बोलावलं असतं.

हे पत्र पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, आणि तुझ्या जिवंतपणी ते मी लिहिलंही नसतं, कारण पुढचं वाक्य तुला सांगायची माझी छाती नव्हती. तू बाहेर केसपेपरच्या रांगेत उभी होतीस ना, तेव्हा मी आत जाऊन आले होते. हुशार मुलगी, सायन्सची. मीच डॉक्टरांना म्हटलं, "पाहुणे आले की नेमका दम लागतो तिला. मला वाटतं, नाटक करते." तू मरेपर्यंत त्या माणसाला बोल लावलास, आई. तो शब्द माझा होता.