ठिपकीला कापायचं नाही

समताचे बाबा,

अंगणवाडीच्या ट्रेनिंगसाठी नांदुऱ्याला चालले, संध्याकाळी येईन. आईंचे जावईबापू जेवायला येतील, त्यांच्यासाठी दुकानातून चिकन आणा. आई म्हणतील, “घरात कोंबडी हाये ना बे! बारमाही बिमार, अंडं नाही, काऊन पोसता?” तरी ठिपकीला कापू देऊ नका.

दाणे टाकण्याआधी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. टणक लागली तर दोन थेंब तेल पाजून हलक्या हातानं चोळा, आणि समताच्या समोर चोळा. ठिपकीचं झाल्याशिवाय ती आपली रोजची गोळी घेत नाही.

आज उठल्याबरोबर तिनं मला विचारलं, “माय, जे बरे होत नाहीत त्याइले कापतात का वं?”

मी नाही म्हणून सांगितलंय.

रेणुका