पडदा काळाच होता

मंगळवार, तारीख अठरा

तीर्थरूप अण्णा,

छोटीचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका. आईचे गुडघे कसे आहेत? तिला मालीश चुकवू देऊ नका, ती लबाड आहे. माझं जेवणखाण व्यवस्थित, खोली स्वच्छ, डबिंगही संपत आलंय.

आमचे दिग्दर्शक तुमच्याच पंथातले. ज्या सिनेमाला थिएटर रिकामं, तोच खरा सिनेमा! आम्हा दोघींना तुम्ही असल्या सिनेमांना ओढत न्यायचात. अख्ख्या थिएटरात आपण तिघं आणि एक घोरणारा माणूस. मी यायची मध्यंतरातल्या आइस्क्रीमसाठी, ताई गाण्यांसाठी. ती तिथेच बिघडली. ताईच्या या सिनेमातही एक गाणं आहे, तिनं स्वतः गायलेलं. वाद्य एकही नाही, भांडी घासता घासता गातेय. अंगावर काटा येतो. घरी कधी इतकं चांगलं गायली नाही हो ती.

तिचे संवाद मात्र मी बोलते. शूटिंग संपलं आणि ताई कुणाला न सांगता निघून गेली, असं हे लोक म्हणतात. आमचा आवाज एकच. फोनवर तुम्हीसुद्धा फसायचात. म्हणून मला बोलावलं. मी आले ते ती कुठे गेली याचा पत्ता लागेल म्हणून. कुणी काही सांगत नाही. तिचा विषय काढला की सगळ्यांना एकदम चहा आठवतो.

अण्णा, इथून पुढचं आईला वाचून दाखवू नका.

डबिंग म्हणजे पडद्यावर ताईचं तोंड बघायचं आणि ओठ हलले की बोलायचं. मागच्या आठवड्यात एकदा पडदा काळाच राहिला. दिग्दर्शक म्हणाले, "हे नुसतंच बोल. पाठमोऱ्या शॉटवर टाकायचंय." असं करतात, त्यात वावगं काही नाही. सिनेमातली मुलगी घर सोडते, बापाला निरोप ठेवते. कागदावर होतं, "अण्णा, मी सुखरूप आहे. मला शोधू नका." मी म्हटलं, "अय्या, आम्हीसुद्धा बाबांना अण्णाच म्हणतो!" ते म्हणाले, "तुझ्या ताईनंच सुचवलं होतं." मला भरून आलं. इतकं मनापासून बोलले की रेकॉर्डिस्टनं दुसरा टेक मागितलाच नाही.

दोन दिवसांनी तुमचा फोन. ताईनं आवाजात निरोप पाठवलाय, सुखरूप आहे म्हणते! आई पोटभर जेवली, तुम्ही पोलिसांतली तक्रार मागे घेतलीत. मलाही तो निरोप ऐकवलात. शेवटी हुंदका गिळल्यासारखं होतं ना? तुम्ही म्हणालात, "रडत होती गं पोर."

ती ताई नव्हती, अण्णा. मी होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे आई हसत होती, किती दिवसांनी! त्या हसण्यापायी मी तुम्हाला इतके दिवस खोट्यात ठेवलं.

काल रेकॉर्डिस्टला एकटं गाठून त्या निरोपाबद्दल विचारलं. पांढराफटक पडला बिचारा. आज त्याच्या जागी दुसराच माणूस बसलाय. माझा फोनही रात्री काढून घेतला. सिनेमा बाहेर फुटू नये म्हणून, म्हणे. खाली उतरले की ड्रायव्हर सोबत येतो, फार अदबीनं. औषधाच्या दुकानात तेवढा तो आत येत नाही. तिथल्या बाईंच्या हातात हे पत्र देईन.

तक्रार पुन्हा द्या. पत्र मिळेल त्या पावली जा. निरोप खोटा आहे, माझ्या धाकट्या मुलीनंच तसं लिहून दिलंय, असं सांगा. ताई कुठे आहे मला माहीत नाही. ती आहे की नाही, तेही... जाऊ दे, लिहवत नाही.

उद्याचा कागद आत्ताच दाराखालून आला. एकच ओळ आहे, ताईच्या तोंडची. "अण्णा, छोटी माझ्याकडे आलीय. आता आम्हा दोघींची वाट बघू नका."

मी ती बोलणार नाही. तरीही तुम्हाला ती ऐकू आली, तर आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवू नका.

हे लिहीपर्यंत तरी सुखरूप असलेली,
तुमची छोटी